फाटकावरची चार कुलुपं

१

कुलूप उघडलं, पण फाटक काही उघडेना.

पानाताईने किल्ली काढली, पुन्हा घातली, पुन्हा फिरवली. जीप मंडळाचं निळं कुलूप शहाण्यासारखं टक् करून उघडत होतं आणि साखळी मात्र होती तिथेच होती. जन्मभर गंजलेले नटबोल्ट सोडवलेल्या बाईची एका साखळीने अशी फजिती करावी, हे तिला मुळीच आवडलं नाही. ती गॅरेज चालवायची आणि तिच्या पट्ट्यात कायम एक पाना खोचलेला असायचा, म्हणून सगळ्यांनी तिला पानाताई करून टाकलं होतं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

फाटक सरकारी जंगलाचं होतं. आतली वाट खडकांतून आणि ओढ्यांतून अकरा किलोमीटर चढत वरच्या पठारावर, जुन्या टेहळणी चौकीपाशी जायची. जीपवाल्यांचा तिच्यावर भारी जीव. पण पावसाच्या ओलीचे तीन महिने ती सगळ्या गाड्यांना बंद असायची, कारण पहिल्या वळणापलीकडचं कुरण, जिथवर साधी मोटारही चढते, तेव्हा पाणी पिऊन फुगलेलं असायचं. त्या दिवसांतही दर गुरुवारी मंडळाच्या सेक्रेटरीने, म्हणजे पानाताईनेच, पहिल्या वळणापर्यंत जाऊन पाण्याचे चर साफ करायचे, असा वनखात्याशी ठराव होता.

आता कुलुपांची गंमत. फाटक एक आणि किल्ली हवी असणारे चार. सगळ्यांना एकाच कुलुपाच्या किल्ल्या वाटल्या तर महिन्याभरात त्या चाळीस खिशांत जातात. म्हणून इथे प्रत्येकाचं आपलं कुलूप होतं आणि ती कुलुपं एकमेकांच्या कड्यांत अडकवून साखळीतच ओवलेली होती. खांबाच्या बाजूला वनखात्याचं पितळी, त्यात मंडळाचं निळं, निळ्यात मधवाल्याचं पिवळं, पिवळ्यात टॉवरवाल्या कंपनीचं काळं आणि मग फाटकाची कडी. कुणीही आपलं एक कुलूप उघडलं की साखळी सुटायची. जाताना मात्र आपलं कुलूप दोन्ही शेजाऱ्यांत अडकवून लावायचं, हा पहिला नियम. शेजारी चुकला की तो बिचारा बाहेर.

आज, गुरुवारी, नेमका शेजारी चुकला होता. पितळी कुलूप निळ्याला वगळून थेट पिवळ्यात अडकवलेलं होतं, आणि निळं पिवळ्याच्या कडीला नुसतं लोंबत होतं. पानाताईने ते होतं तसंच परत लावलं आणि मोबाइलवर फोटो काढला. कुणाची तरी खरडपट्टी काढायची तर पुरावा हाताशी असावा, एवढाच तिचा विचार होता.

तेवढ्यात आतल्या बाजूने वनखात्याचा रखवालदार धापा टाकत उतरत आला. तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून तो त्या सकाळीच परतला होता.

"ताई, आमच्यासारखं बाजूच्या पायवाटेने पायी वर चला," तो म्हणाला. "साहेब तिथेच उभे आहेत. मन घट्ट करून चला."

२

कुरणाची पार रया गेली होती. निळ्या फुलांनी भरलेल्या हिरव्या गवतातून दोन काळे चर पन्नास पावलं गेले होते, मध्यावर गुडघाभर खड्डा पडला होता, आणि चिखल असा उडाला होता की बाजूच्या झाडालाही आंघोळ घडली होती. गाडी अडकली होती, तडफडली होती आणि कशीबशी मागे निघाली होती. चरांतलं पाणी अजून गढूळ होतं, म्हणजे हे कालच, बुधवारी झालं होतं.

वनाधिकारी साहेब तरुण होते, इस्त्रीचे होते आणि नियमांचे पक्के होते. आज त्यांचे बूट घोट्यापर्यंत चिखलात होते, त्यामुळे नियम जरा जास्तच पक्के झाले होते.

"ओलीत गाडी. बंद फाटकातून," ते म्हणाले. "ही वाट गाड्यांना कायमची बंद करावी, असा चालणाऱ्यांच्या संघाचा अर्ज माझ्या टेबलावर महिनाभर पडून आहे. मी सही करत नव्हतो, कारण तुमच्या मंडळावर माझा विश्वास होता."

"होता म्हणजे?"

"सोमवारी बैठक आहे. तोवर दुसरं कुणी सापडलं नाही, तर मी सही करतो."

पानाताईने खड्ड्याकडे पाहिलं. वाट बंद झाली तर मंडळ दुसरी वाट शोधेल, तरुण पोरं रडतील आणि विसरतील. पण तिचे वडील, आबा, एकोणऐंशी वर्षांचे होते. एकतीस वर्षं ते याच जंगलाचे रखवालदार होते आणि वरच्या चौकीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आता त्यांचे पाय अंगणाबाहेर जात नव्हते. वर्षातून एकदा, वाट सुकली की, पानाताई त्यांना जीपमध्ये बसवून वर न्यायची आणि ते उरलेलं वर्ष त्या एका दिवसावर काढायचे. गाड्या बंद म्हणजे आबांचं वर जाणं संपलं, साधा हिशेब होता.

तिने चरांपाशी बसून बोट घातलं. "साहेब, हे चर बघा. अरुंद आहेत आणि खोल. आम्ही कुरणाआधीच्या सपाट दगडावर थांबून चाकांतली अर्धी हवा काढतो. चाक पसरतं, मऊ जमिनीवरून अलगद जातं. हवेनं टम्म भरलेलं बारीक चाकच असं सुरीसारखं आत घुसतं."

"तुमचा एखादा सभासद विसरला असेल."

"आमचा सभासद बायकोचा वाढदिवस विसरेल. हवा नाही विसरणार."

साहेबांनी हसू दाबलं, पण सहीचं बोलणं मागे घेतलं नाही. चिखलात आणखी दोन गोष्टी होत्या. खड्ड्याच्या तळाशी जाळीदार नक्षी उमटली होती, चाकाखाली रबरी पायपुसणं घातल्यासारखी. आणि बाजूच्या ओल्या मातीत चार-चार ठिपके होते, चौकोनी, वीतभर अंतराचे, थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा उमटलेले.

"मधाच्या पेटीखालचं स्टूल," रखवालदार म्हणाला. "आणि ताई, तुमचं निळं कुलूप लटकतंय कुणाच्या कुलुपाला? मधवाल्याच्याच ना?"

साहेबांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. पानाताईला मात्र ते स्टूल फार लहान वाटलं. त्यावर मधाची पेटी काय, मधाची बरणीही धड राहिली नसती.

३

मधवाला घरामागे पेट्या धूत होता. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, आणि त्यामुळे तो आधीपासूनच गुन्हेगार दिसत होता.

"माझ्या कुलुपाला लोंबतंय म्हणून मी?" तो म्हणाला. "उद्या माझ्या कुंपणावर कावळा बसला तर तोही माझाच म्हणाल."

"बुधवारी कुठे होतास?"

"बुधवारी हा डोळा झाला. डॉक्टरकडे दोन तास बसलो. आणि ताई, माझ्या पेट्या ओलीत खालीच असतात. वर जाऊन मी काय माशांना पत्ता विचारू?"

त्याची गाडी दारात उभी होती. जुना तीनचाकी टेंपो, चाकं बारीक, हवा टम्म. पानाताईने बसून चाकांकडे पाहिलं आणि तिला मधवाल्यासाठी बरं वाटलं. तीन चाकांचा टेंपो चिखलात तीन रेघा ओढतो. कुरणात दोनच होत्या.

"भाऊ, तू सुटलास," ती म्हणाली. "पण साहेबांना हे पटणार नाही. त्यांच्या डोक्यात ते लोंबणारं कुलूप बसलंय."

"मग काढ ना ते त्यांच्या डोक्यातून. पान्याने."

४

मग उरला हेतू. कुरण कुणी मुद्दाम उकरलं असेल, तर वाट बंद पडावी असं वाटणाऱ्यानेच. आणि तसं वाटणाऱ्यांत पहिली सही होती भूगोलबाईंची.

भूगोलबाईंनी अर्ध्या गावाला नकाशा शिकवला होता, पानाताईलाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी चालणाऱ्यांचा संघ काढला आणि धूर सोडणाऱ्या प्रत्येक वस्तूशी वैर धरलं. तरीही दर बुधवारी दुपारी त्या आबांकडे बुद्धिबळ खेळायला यायच्या आणि वाटेवरून त्यांच्याशी कडाकडा भांडायच्या. आबा त्या भांडणासाठी मंगळवारपासून धुतलेला सदरा काढून ठेवायचे. गेल्या बुधवारी पानाताई साहेबांच्याच जीपची क्लचप्लेट आणायला शहरात गेली होती, तेव्हा भांडण कुणी जिंकलं ते तिला कळलं नव्हतं.

"बस," बाई म्हणाल्या आणि टेबलाचा काठ धरून उठल्या. चहाचा कप देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कुरणाचं ऐकलं. वाईट झालं."

"बाई, तुमच्या संघातलं कुणी..."

"आमच्याकडे किल्ली नाही. आणि मोटार घेऊन वर जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही." बाई थांबल्या. "यंदा तर निळी फुलं वाटेच्या दोन्ही अंगांना आली आहेत. ती चाकाखाली जावीत, हे मला सहन होत नाही."

पानाताईने चहा संपवला. बाहेर पडताना सवयीने तिची नजर बाईंच्या छोट्या मोटारीवर गेली. ही मोटार तिने पंधरा वर्षं दुरुस्त केली होती आणि तिच्यावरची धूळ तिला पाठ होती. आज मोटार आरशासारखी चकचकत होती. आत चारही नवी कोरी रबरी पायपुसणी होती, एकावर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली.

संघ महिनाभर वर गेलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गेली तीन वर्षं संघ निघाला की बाई फाटकापाशीच थांबायच्या, "कुणीतरी मागे राहायला हवं" असं म्हणून. मग यंदा फुलं दोन्ही अंगांना आली, हे बाईंनी पाहिलं कुठून?

पण बाईंकडे किल्ली नव्हती, हेही तितकंच खरं होतं. पानाताई घरी येईपर्यंत तिचं डोकं जाम झालं.

५

जे डोक्याला सुटत नाही ते हाताला सुटतं, असा तिचा अनुभव होता. तिने गॅरेजच्या ओट्यावर चार जुनी कुलुपं मांडली, त्यांना फाटकावरच्यांचे रंग फासले, फाटकावर होती तशी एकमेकांत अडकवली आणि एकेकाची चोरी करून पाहिली.

आधी ती स्वतः चोर झाली. निळं उघडलं. आता साखळी लावायची आणि निळं वगळायचं, तर पितळी आणि पिवळं एकमेकांत अडकायला हवीत. पण ती दोन्ही बंद. बंद कुलुपात बंद कुलूप कसं अडकवणार? म्हणजे स्वतःलाच वगळून फाटक लावणं मंडळाला जमलंच नसतं. ती खुदकन हसली.

मग टॉवरवाला. त्याचं काळं कुलूप निळ्याच्या शेजारीच नाही, त्याने निळं वगळणं शक्य नव्हतं.

मग मधवाला. तिने पिवळं उघडलं, थेट पितळ्यात अडकवून लावलं. निळं वगळलं गेलं खरं, पण ते लोंबू लागलं पितळ्याला. पिवळ्यातून ते सुटलं होतं, पितळ्यात बंद होतं.

तिने मोबाइलवरचा फोटो उघडला. फोटोत निळं पिवळ्याला लोंबत होतं.

तिने सगळं पूर्ववत करून शेवटी पितळी उघडलं आणि पिवळ्यात अडकवलं. निळं अगदी फोटोतल्यासारखं पिवळ्याच्या कडीला लोंबत राहिलं. म्हणजे ज्याच्या गळ्यात पुरावा लटकला होता, त्याचं कुलूप कुणी उघडलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाली होती सगळी मंडळी. फाटक उघडलं होतं वनखात्याच्या किल्लीने.

तिने लगेच रखवालदाराला फोन लावला.

"खात्याच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, ती तीन दिवस माझ्याबरोबर प्रशिक्षणाला होती. एक साहेबांची. आणि साहेब बुधवारी दिवसभर अकरा माणसांच्या मीटिंगमध्ये होते, मीटिंगचा फोटोही आलाय. का हो?"

"कुलूप नवीन आहे?"

"छे. ते आबांच्या वेळचंच आहे. पितळ आहे, मरत नाही. कधी बदललंच नाही."

पानाताईने फोन ठेवला. तिला जे सुचत होतं ते तिला मुळीच सुचायला नको होतं.

६

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघराची फरशी पुसली. आबा आपली चार पायांची आधाराची काठी टेकत टेकत ओल्या फरशीवरून खुर्चीपर्यंत गेले. त्यांच्यामागे चार-चार ठिपक्यांची रांग उमटत गेली. चौकोनी, वीतभर अंतराची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण पानाताईने लहानपणी वहीत दहादा लिहिली होती. तिचा अर्थ आज कळला.

"आबा," ती म्हणाली, "बुधवारी बुद्धिबळात कोण जिंकलं?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"तीन दिवस लागले तुला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं शुक्रवारी येशील."

"तुम्ही मला गुरुवारपासून नाचवताय. माझ्या मंडळावर आळ आलाय."

"मी शब्द दिला होता न सांगण्याचा. तू शोधू नयेस, असा शब्द मी दिलेला नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "त्या अर्जावरून भांडत होतो आम्ही. मी म्हटलं, बाई, जे बंद करायला निघालात ते एकदा माझ्याबरोबर बघा आणि मग बोला. तर त्या रडल्या. गुडघे गेलेत त्यांचे. तीन वर्षांत त्यांनी पठार पाहिलेलं नाही, आणि संघाची अध्यक्ष चालू शकत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याकडे जुनी किल्ली पडून होती. निवृत्त होताना कुणी मागितली नाही, मी दिली नाही."

"आणि फाटक बाईंनी लावलं."

"मी गाडीत होतो. त्यांना कुठली माहीत कुलुपांची रीत? जे हाताला आलं त्यात अडकवलं." आबा हसू लागले. "पण काय सांगू, चिखलात फसल्यावर त्या ज्या काही बोलल्या ना, ते भूगोलात नसतं."

पानाताईलाही हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही. साहेब नियमांचे पक्के. निवृत्त रखवालदाराने सरकारी किल्ली ठेवली, बंद जंगल उघडलं, हे कळलं तर आबांना त्या वाटेवर पाऊल टाकू देणार नाहीत. आणि न सांगावं, तर सोमवारी सही. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत आबाच पडत होते.

"तू कुलुपांचं तेवढं सांग," आबा म्हणाले. "मंडळ सुटेल. पुढचं मी बघतो. आणि मला घेऊन चल. सदरा धुतलेला आहे."

७

सोमवारी वनखात्याच्या कार्यालयात पंचवीस खुर्च्या आणि चाळीस माणसं होती. मधवाल्याचा डोळा उघडला होता आणि तो दोन्ही डोळ्यांनी सगळ्यांकडे संशयाने बघत होता. भूगोलबाई भिंतीकडेला बसल्या होत्या. आबा त्यांच्याकडे बघत नव्हते, आणि ते इतकं ठरवून बघत नव्हते की कुणाच्याही लक्षात आलं असतं.

पानाताईने साहेबांच्या टेबलावर चार कुलुपं मांडली आणि किल्ल्या त्यांच्याच हातात दिल्या. "मी काही बोलत नाही. तुम्हीच चोरी करा. निळं वगळून साखळी लावा, आणि ते पिवळ्याला लोंबलं पाहिजे, या फोटोसारखं."

साहेबांनी निळं उघडून पाहिलं. जमलं नाही. काळं उघडलं, जमलं नाही. पिवळं उघडलं, तर निळं भलत्याच बाजूला लोंबलं, आणि मधवाला म्हणाला, "बघा." शेवटी त्यांनी पितळी उघडलं, लावलं, आणि हात टेबलावर ठेवून ते स्वतःच्याच कुलुपाकडे बघत राहिले.

"म्हणजे माझं खातं," ते म्हणाले.

खोलीत कुजबुज झाली. रखवालदाराची पाचावर धारण बसली. साहेबांनी मान वर केली. "दोन्ही किल्ल्यांचा हिशेब लागतो. तिसरी किल्ली आहे. पानाताई, तुम्हाला ठाऊक आहे का, कुणाकडे?"

आयुष्यात पहिल्यांदा पानाताईला उत्तर येत होतं आणि हात वर करायचा नव्हता. आबांनी काठी सरकवली. पण त्यांच्या आधी भिंतीकडेला खुर्ची करकरली.

भूगोलबाई उठत होत्या. उठायला त्यांना वेळ लागला. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या पाठी धरून त्या टप्प्याटप्प्याने सरळ झाल्या, आणि त्यांच्या संघातली सगळी माणसं ते बघत राहिली.

"गाडी माझी होती," बाई म्हणाल्या. "चालवत मी होते. कुरणाचं वाटोळं मी केलं, आणि चार दिवस दुसऱ्याच्या अंगावर ते राहू दिलं, कारण मला लाज वाटत होती. मला यापुढे चालत वर जाता येणार नाही. माझ्यासारखी माणसं गाडीत बसल्याशिवाय ते पठार पुन्हा बघणार नाहीत, हे मी अर्ज लिहिताना जाणून होते. तरी लिहिला. तो मी मागे घेते."

"आणि किल्ली माझी," आबा म्हणाले. त्यांनी पितळी किल्ली टेबलावर ठेवली. "म्हणजे तुमचीच. उशिरा परत करतोय."

साहेबांनी किल्ली उचलली, उलटीसुलटी केली, मग कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं. चाळीस माणसं त्यांना पानं उलटताना बघत बसली. एवढ्या शांततेत वाचायची त्यांना सवय नसावी, कारण त्यांचे कान लाल झाले.

"खात्याच्या किल्लीने खात्याचं फाटक उघडलं," ते अखेर म्हणाले. "मंडळाचा दोष नाही. अर्जही मागे घेतलाय. कायमबंदीचा प्रश्न मिटला, ओलीची बंदी आहे तशीच राहील. कुरण मात्र भरून काढायचं, संघाने आणि मंडळाने मिळून, आणि तिथली वाट उचलून बाजूच्या खडकावर न्यायची. खडकावरून जाते का कुणी सांगू शकेल?"

"जाते," आबा म्हणाले. "पूर्वी तिथूनच होती. मी दाखवतो."

"तुम्ही कसे दाखवाल? ओलीत बंद जंगलात गाडी नेणाऱ्याला एक वर्ष बंदी आहे." साहेबांनी पानावर बोट ठेवलं. एकोणऐंशीव्या वर्षी एक वर्ष ही फार मोठी गोष्ट असते. "चालकाला बंदी," साहेब पुढे वाचत म्हणाले. "बाई, तुम्ही वर्षभर त्या वाटेवर गाडी चालवायची नाही. शेजारी बसून सल्ले देणाऱ्याबद्दल पुस्तकात काहीच नाही. मी दोनदा पाहिलं."

पानाताईला रडू आलं, आणि ते लपवायला ती कुलुपं गोळा करू लागली.

८

दोन महिन्यांनी वाट सुकली. कुरणावर नवं गवत धरलं होतं, आणि जीपची वाट आता त्याला वळसा घालून खडकावरून जात होती. पानाताई सपाट दगडावर थांबली आणि चाकांतली हवा काढायला खाली बसली. आबा पुढच्या सीटवर होते. बाई उतरून, जीपचा पत्रा धरून, कुरण कसं भरून आलंय ते बघत होत्या. संघाच्या चार जणांनी वर पोचून त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती.

"आबा, एक कोडं मला सुटलं नाही," पानाताई चाकापाशी बसूनच हळू आवाजात म्हणाली. "ओलीत या कुरणात गाडी घालायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. एकतीस वर्षं लोकांना अडवलंत. दोन महिने थांबला असतात, तर मीच दोघांना घेऊन आले असते. थांबला का नाहीत?"

आबांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं.

"त्या दिवशी त्या हो म्हणाल्या होत्या," ते म्हणाले.

पानाताईने चाकाचं झाकण लावलं आणि हात पुसले. मग तिने जीपचं मागचं दार उघडलं.

"आबा, तुम्ही मागे बसा, बाईंशेजारी," ती म्हणाली. "पुढे मला हत्यारं ठेवायची आहेत."